परदेशी बोर्डाचे विषय आणि विद्यापीठातले क्रेडिट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटिश ए-लेव्हल, आयबी (इंटरनॅशनल बाकालोरिया), फ्रेंच बाकालोरिया किंवा कॅरिबियनमधली 'केप' परीक्षा देऊन अमेरिका-कॅनडात पदवीला जाणाऱ्या विद्यार्थ्याला तिथली बरीच विद्यापीठे पहिल्या वर्षाचे काही विषय झाले असे धरून क्रेडिट देतात. मुंबई-पुण्याच्या आंतरराष्ट्रीय शाळांतल्या आणि आखाती देशांत वाढलेल्या मराठी मुलांच्या घरी यावरून बराच गोंधळ असतो. पहिली गोष्ट पक्की धरा: क्रेडिट सहसा प्रमाणपत्राला मिळत नाही, एकेका विषयाच्या एकेका ग्रेडला मिळते. ते किती मिळणार हे त्या विद्यापीठाचा तक्ता ठरवतो, बोर्ड नाही.

क्रेडिट मिळाले म्हणजे नेमके काय मिळाले?

अमेरिकेतली पदवी साधारण १२० सेमेस्टर क्रेडिटची असते. एक कोर्स बहुधा ३ किंवा ४ क्रेडिटचा, आणि दर सेमेस्टरला १५ क्रेडिट घेतले की चार वर्षांत हिशेब जुळतो. शाळेतल्या परीक्षेवर मिळणारे क्रेडिट या १२० मधून वजा होते. काही विद्यापीठांत वर्षाचे तीन भाग करणारी क्वार्टर पद्धत आहे. तिथे पदवी १८० क्रेडिटची. दीड क्वार्टर क्रेडिट म्हणजे एक सेमेस्टर क्रेडिट. दोन विद्यापीठांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी एवढा गुणाकार कराच, नाहीतर क्वार्टरवाले विद्यापीठ उगाच उदार वाटते.

मिळणाऱ्या क्रेडिटचे तीन प्रकार आहेत आणि त्यांची किंमत फार वेगवेगळी आहे. पहिला, ठरावीक कोर्सचे क्रेडिट: तुमची ए-लेव्हल मॅथ्स म्हणजे आमचे कॅल्क्युलस १, पुढचा कोर्स घ्या. दुसरा, मोकळे क्रेडिट: १२० च्या बेरजेत धरले जाते, पण मेजरचा (पदवीच्या मुख्य विषयाचा) एकही सक्तीचा कोर्स त्याने सुटत नाही. तिसरा, नुसती सूट: कॅल्क्युलस १ घ्यायची गरज नाही, पण क्रेडिट शून्य. त्या जागी दुसरा कोर्स घ्यावाच लागतो. '३० क्रेडिट मिळाले' असे कुणी सांगितले तर त्यातले पहिल्या प्रकारचे किती, एवढे विचारावे.

एचएससी, सीबीएसई किंवा आयएससी बारावीवर क्रेडिट मिळते का?

बहुतेक ठिकाणी नाही. आपली बारावी तिथे हायस्कूल डिप्लोमाच्या बरोबरीची धरली जाते. ती प्रवेशाची पात्रता झाली. क्रेडिट त्या पात्रतेच्या वर जे शिकलात त्याचे असते. ९५ टक्के मिळाले म्हणून हे बदलत नाही. काही मोजकी विद्यापीठे भारतीय बारावीच्या एखाद्या विषयाचा विचार करतात. त्यांच्या संकेतस्थळावर देशानुसार यादी असते, त्यात भारत आहे का ते बघावे. यादीत नसेल तर ईमेल करून फारसे काही हाती लागत नाही.

यावर पालकांचा रास्त प्रश्न असतो: ए-लेव्हलवाला मुलगाही बाराच वर्षे शिकतो, मग त्याला का? ब्रिटनमध्ये ए-लेव्हल तेराव्या वर्षी संपते आणि तिथे मूल तीनच, फार तर चार विषय दोन वर्षे खोलात शिकते. अमेरिकी विद्यापीठांनी त्या परीक्षेचा अभ्यासक्रम तपासून तक्ता केलेला आहे. मुंबईत तीच परीक्षा बाराव्या वर्षी दिली तरी तक्ता तोच लागतो. बघितली जाते ती परीक्षा, शाळेतली वर्षे नाहीत.

बारावी करणाऱ्याला रस्ता हवाच असेल तर तो कॉलेज बोर्ड या अमेरिकी संस्थेच्या एपी परीक्षांचा (शाळेत असताना द्यायच्या कॉलेज पातळीच्या विषयवार परीक्षा). एपी कोणत्याही शाळेतला विद्यार्थी बाहेरून देऊ शकतो, फक्त परीक्षा घेणारे केंद्र शोधून जागा मिळवावी लागते. परीक्षा मेमध्ये असते, पण नोंदणी आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या आसपास बंद होते. जानेवारी-फेब्रुवारीत बारावीची प्रॅक्टिकल, मग लेखी परीक्षा, एप्रिलपासून जेईई-सीईटी आणि मेमध्ये एपी असा तो मोसम असतो. झेपतील तितक्याच, एक-दोन एपी घ्याव्यात. कॅल्क्युलस बीसी आणि केमिस्ट्री यांचा बारावी सायन्सशी चांगला मेळ बसतो.

आम्ही 'ज्युनिअर कॉलेज'मध्ये होतो. मग ते कॉलेजचे क्रेडिट नाही का?

नाही, आणि हा शब्द महाराष्ट्रातल्या मुलांना फार छळतो. आपल्याकडे अकरावी-बारावी म्हणजे ज्युनिअर कॉलेज. अमेरिकेत ज्युनिअर कॉलेज म्हणजे बारावीनंतरचे दोन वर्षांचे कॉलेज, आणि तिथले क्रेडिट खरोखरच हलवता येतात. अर्जातल्या 'याआधी कॉलेजात शिकला आहात का' या प्रश्नाला 'हो' म्हणून ज्युनिअर कॉलेजचे नाव टाकले की अर्ज फ्रेशमन म्हणजे नव्याने पहिल्या वर्षाला येणाऱ्यांऐवजी ट्रान्सफर म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गठ्ठ्यात जातो. मग कॉलेजचे ट्रान्सक्रिप्ट (अधिकृत गुणपत्रक) मागितले जाते, जे अस्तित्वातच नाही, आणि नव्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीची तारीख तोवर निघून जाते.

अकरावी-बारावी नेहमी शाळेच्या रकान्यात लिहा. कॉलेजकडून एका ओळीचे पत्र घ्या: 'हे उच्च माध्यमिक विद्यालय असून इयत्ता ११ वी व १२ वी महाराष्ट्र राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमानुसार शिकवली जाते.' ते इंग्रजीत, लेटरहेडवर, शिक्क्यासह असावे आणि ट्रान्सक्रिप्टला जोडून पाठवावे.

नव्या धोरणात शाळेलाही क्रेडिट आहेत ना? ते चालतील?

राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाला १२०० तासांच्या अध्ययनाला ४० क्रेडिट अशी मांडणी आहे आणि बारावी त्यात चौथ्या पातळीवर येते. ही देशातल्या देशात चालणारी मोजणी आहे. परदेशी विद्यापीठाचा तक्ता ती वाचत नाही.

कोणत्या परीक्षेला साधारण किती ग्रेड लागते?

आयबीत हायर लेव्हलला (विषयाची वरची पातळी; खालची ती स्टँडर्ड लेव्हल) ७ पैकी ५ किंवा त्याहून जास्त, ए-लेव्हलला सी किंवा वर, एपीला ५ पैकी ४ किंवा ५, ही बऱ्याच चांगल्या विद्यापीठांची रेघ आहे. सरकारी विद्यापीठांत ती थोडी खाली असते, नामांकित खासगी विद्यापीठांत वर. काही तर क्रेडिट देतच नाहीत: डार्टमथने एपीवर क्रेडिट देणे २०१८ मध्ये पदवी घेणाऱ्या बॅचपासून थांबवले, आणि कॅलटेकमध्ये स्वतःच्या चाचण्या घेऊन फक्त कोणत्या वर्गात बसवायचे ते ठरवतात.

काही ठोस उदाहरणे, म्हणजे फरक किती आहे ते कळेल.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया (बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो वगैरे सगळी) मान्य यादीतल्या प्रत्येक ए-लेव्हलला ए, बी किंवा सी असेल तर १२ क्वार्टर, म्हणजे ८ सेमेस्टर क्रेडिट देते. आयबीच्या प्रत्येक हायर लेव्हल विषयाला ५ किंवा वर असेल तर ८ क्वार्टर. पूर्ण डिप्लोमा ३० गुणांनी किंवा वर पास असेल तर एकूण ३० क्वार्टर, म्हणजे २० सेमेस्टर. हे आकडे पूर्ण यंत्रणेला सारखे. पण ते मेजरमध्ये कसे लावायचे हे प्रत्येक कॅम्पसचा विभाग ठरवतो. म्हणून सॅन डिएगोत कॅल्क्युलस सुटले तर डेव्हिसलाही सुटेल असे गृहीत धरू नका.

टेक्सासमध्ये कायदाच आहे: आयबी डिप्लोमा पूर्ण करून आलेल्याला सरकारी विद्यापीठाने किमान २४ सेमेस्टर क्रेडिट द्यायचे, ज्या विषयात ४ पेक्षा कमी आहेत तिथे मात्र कपात होऊ शकते. ऑस्टिनच्या विद्यापीठात हे क्रेडिट आपोआप चढत नाही. कोणते घ्यायचे ते विद्यार्थ्याने स्वतः मागायचे. ही सोय उत्तम आहे, पण न मागता पदवी संपवणारेही असतात.

फ्लोरिडात सगळ्या सरकारी संस्थांना एकच राज्यस्तरीय यादी लागू आहे. त्यात केंब्रिज बोर्डाच्या एएस (ए-लेव्हलचा पहिला अर्धा भाग) आणि ए-लेव्हलला ई ग्रेडवरही क्रेडिट आहे, आणि परीक्षांवर मिळणाऱ्या क्रेडिटची कमाल ४५ आहे. ए-लेव्हलवाल्यांसाठी इतकी मोकळी यादी दुसरीकडे क्वचितच सापडते.

कॅनडात मॅकगिलचे उदाहरण बघण्यासारखे आहे. क्वेबेकची मुले शाळेनंतर आधी दोन वर्षे 'सेजेप'मध्ये शिकतात, म्हणून त्यांची पदवी ९० क्रेडिटची. बाहेरून आलेल्यांची १२०, पहिले वर्ष पायाभूत. आयबी, ए-लेव्हल किंवा फ्रेंच बाकालोरियावर तिथे ३० पर्यंत क्रेडिट मिळू शकतात, म्हणजे ते पायाभूत वर्षच निघून जाते. एचएससीवाला १२० ने सुरुवात करतो.

एएस लेव्हल आणि आयबी स्टँडर्ड लेव्हलचे काय?

एएसला कुठे पूर्ण ए-लेव्हलच्या निम्मे, कुठे शून्य. ज्या विषयाची ए-लेव्हल पूर्ण केली त्याच्या एएसचे वेगळे क्रेडिट कुठेच मिळत नाही. स्टँडर्ड लेव्हलला बहुतेक विद्यापीठे काही देत नाहीत. टेक्सास-फ्लोरिडासारखे अपवाद आहेत, पण ते अपवादच.

ए-लेव्हल मॅथ्समध्ये ए-स्टार आहे, तरी कॅल्क्युलसऐवजी नुसते मोकळे क्रेडिट का दिले?

कारण प्रमाणपत्रावर तुम्ही कोणते पेपर दिले ते लिहिलेले नसते. केंब्रिजच्या ९७०९ या मॅथ्समध्ये प्युअर १ आणि प्युअर ३ सगळ्यांना असतात, पण पुढे एक तर मेकॅनिक्स आणि प्रोबॅबिलिटी-स्टॅटिस्टिक्स १ किंवा स्टॅटिस्टिक्सचे दोन्ही पेपर असे पर्याय आहेत. विद्यापीठाचा गणित विभाग प्युअर ३ मधले इंटिग्रेशन आणि डिफरन्शिअल इक्वेशन्स बघून कॅल्क्युलस देतो, आणि संख्याशास्त्राचा कोर्स दिला तर तो स्टॅटिस्टिक्सच्या पेपरांवर देतो. शाळेच्या एक्झाम्स ऑफिसरकडून कॉम्पोनंटची यादी लेटरहेडवर घेऊन, ९७०९ चा त्या वर्षीचा सिलॅबस जोडून पाठवला की बऱ्याचदा निर्णय बदलतो. 'त्या वर्षीचा' हा शब्द महत्त्वाचा. सिलॅबस दर काही वर्षांनी बदलतो आणि चुकीच्या वर्षाची प्रत जोडली की अर्ज परत येतो.

फर्दर मॅथ्सकडून (९२३१) फार अपेक्षा ठेवू नका. मॅट्रिक्स आणि डिफरन्शिअल इक्वेशन्स त्यात थोडी थोडी येतात, पण तिकडचा लिनिअर अल्जिब्राचा पूर्ण कोर्स भरून निघेल इतकी नाहीत. त्यामुळे बहुधा मोकळे क्रेडिट मिळते. विभागाशी बोललात तर थेट पुढच्या वर्गात बसायची परवानगी मिळू शकते, आणि गणितात रस असणाऱ्याला खरे तर तीच हवी असते.

आयबीच्या गणिताचे २०२१ च्या परीक्षेपासून दोन फाटे झाले: ॲनालिसिस ॲण्ड ॲप्रोचेस आणि ॲप्लिकेशन्स ॲण्ड इंटरप्रिटेशन. दोन्हींना हायर लेव्हल आहे, पण कॅल्क्युलसचे क्रेडिट देताना बरीच विद्यापीठे पहिल्यालाच पसंती देतात. इंजिनिअरिंग, फिजिक्स, इकॉनॉमिक्सकडे जाणाऱ्याने अकरावीत विषय निवडतानाच हे बघावे. नंतर दुरुस्ती नाही.

फिजिक्समध्ये ७ आले, तरी इंजिनिअरिंगचे फिजिक्स पुन्हा करायला सांगितले. चूक त्यांची?

नाही. अमेरिकेत पहिल्या वर्षाचे फिजिक्स दोन प्रकारचे असते: बीजगणितावर आधारलेले आणि कॅल्क्युलसवर आधारलेले. इंजिनिअरिंगला दुसरे लागते. आयबी फिजिक्स आणि ए-लेव्हल फिजिक्स (९७०२) यांत विषय खोल आहे, पण गणित मुख्यतः बीजगणिताचे. त्यामुळे क्रेडिट मिळते ते पहिल्या प्रकारचे, आणि इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला त्याचा उपयोग बेरजेपुरताच. हा कोर्स खरोखर सोडवायचा असेल तर एपी फिजिक्स सी लागते. त्याच्या मेकॅनिक्स आणि इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझम अशा दोन वेगळ्या परीक्षा आहेत. फिजिक्स १ आणि २ या एपी परीक्षा बीजगणिताच्याच, त्या देऊन हा प्रश्न सुटत नाही.

केमिस्ट्री-बायोलॉजीत अडथळा प्रयोगशाळेचा. सिद्धान्ताचे ३ क्रेडिट देऊन लॅबचे १ राखून ठेवणारे विभाग आहेत. काही ठिकाणी प्रयोगवही बघून तेही देतात, म्हणून जर्नल रद्दीत घालू नका. इकॉनॉमिक्समध्ये मात्र बहुधा सरळ काम होते: मायक्रो आणि मॅक्रो दोन्ही सुटतात. बिझनेस, थिंकिंग स्किल्स, ग्लोबल पर्स्पेक्टिव्ह्ज अशा विषयांना मिळालेच तर मोकळे क्रेडिट. आयबीच्या थिअरी ऑफ नॉलेज आणि एक्स्टेंडेड एसेला स्वतंत्र क्रेडिट धरू नका.

मराठी घेतली होती. भाषेचे क्रेडिट मिळेल?

आयबीत शाळेत शिक्षक नसलेली मातृभाषा 'स्कूल सपोर्टेड सेल्फ टॉट' म्हणून घेता येते, पण ती फक्त स्टँडर्ड लेव्हलला. म्हणजे क्रेडिट जवळपास नाही. तरीही उपयोग आहे. दोन भाषा 'ए' गटात घेऊन पास झालात तर बायलिंग्वल डिप्लोमा मिळतो, आणि कित्येक विद्यापीठांची परकीय भाषेची अट मातृभाषेतल्या शिक्षणावर माफ होते. ही माफी मागावी लागते. क्रेडिट न मिळता दोन-तीन सेमेस्टर भाषेचे वर्ग वाचतात, आणि ते काही कमी नाही. एपीत मराठीही नाही, हिंदीही नाही.

इंग्रजीचे क्रेडिट मिळाले तरी पहिल्या वर्षाचा लेखनाचा कोर्स बऱ्याच ठिकाणी सगळ्यांना सक्तीचा असतो.

कागदपत्रे कोणती, कुठून, कधी?

प्रेडिक्टेड ग्रेडवर प्रवेश मिळतो, क्रेडिट नाही. क्रेडिटला अंतिम निकाल लागतो, आणि तोही बोर्डाकडून थेट विद्यापीठाला गेलेला. घरी आलेल्या प्रमाणपत्राची स्कॅन प्रत तात्पुरती चालवून घेतात, पण नोंद पक्की होत नाही.

आयबीत शाळेच्या कोऑर्डिनेटरला विद्यापीठाचे नाव आधी दिले तर निकाल लागताच इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जातो. शाळा सुटल्यावर तेच काम स्वतः पैसे भरून करावे लागते. केंब्रिजकडून निकालाची प्रमाणित प्रत मागवावी लागते. पिअर्सन एडेक्सेल या दुसऱ्या ब्रिटिश बोर्डाची वेगळी. ए-लेव्हलचे विषय दोन बोर्डांत विभागलेले असतील तर दोन्हीकडे अर्ज करावा लागतो, आणि दुसरे बोर्ड हमखास विसरले जाते. एपीचे गुण कॉलेज बोर्डाच्या खात्यातून पाठवायचे. वर्षातून एकदा एका विद्यापीठाला मोफत पाठवायची सोय आहे, तिची मुदत जूनमध्ये म्हणजे निकालाआधीच संपते.

या सगळ्यात सर्वात जास्त घोटाळा नावाचा. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचे, मग वडिलांचे. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि वडिलांचे नाव कधी आहे, कधी नाही. विद्यापीठाची संगणक यंत्रणा नाव आणि जन्मतारीख जुळवून निकाल खात्याला जोडते. जुळले नाही तर निकाल आलेला असूनही बेवारस पडून राहतो आणि तुमच्या पोर्टलवर 'मिळाले नाही' दिसते. परीक्षेची नोंदणी करतानाच पासपोर्टप्रमाणे नाव द्या. वेळ निघून गेली असेल तर रजिस्ट्रार कार्यालयाला विद्यार्थी क्रमांक, उमेदवार क्रमांक, केंद्र क्रमांक आणि दोन्ही प्रकारे लिहिलेले नाव असा ईमेल करा. 'कृपया तपासावे' एवढ्याने कुणी शोधत बसत नाही.

निकाल यायच्या आधीच कोर्स निवडायचे आहेत. काय करावे?

ही अडचण दरवर्षीची. ओरिएंटेशन आणि नोंदणी जून-जुलैत. आयबीचा मे सत्राचा निकाल ५ जुलैच्या आसपास, एपीचा जुलैच्या सुरुवातीला, केंब्रिजच्या जून परीक्षेचा ऑगस्टमध्ये. भारतातल्या शाळांना केंब्रिजची मार्चची परीक्षाही आहे, तिचा निकाल मेमध्ये लागतो. या एका कारणासाठी मार्च बरा.

निकाल नसताना ॲडव्हायझरला (कोर्स निवडायला मदत करणाऱ्या विद्यापीठाच्या सल्लागाराला) स्पष्ट सांगा: या विषयांचा निकाल अमुक तारखेला येणार, अमुक ग्रेड आली तर तक्त्याप्रमाणे कॅल्क्युलस १ सुटेल. मग दोन्ही शक्यता धरून वेळापत्रक करा. शाळेच्या परीक्षेवर ज्यांचे क्रेडिट मिळत नाही असे सक्तीचे कोर्स (लेखन, प्रथम वर्ष सेमिनार) आधी भरा, आणि जो सुटू शकतो त्याच्याच वेळेत पुढचा वर्गही आहे का ते पाहून ठेवा. सत्र सुरू झाल्यावर कोर्स बदलायला आठवडा-दोन आठवडे मिळतात. त्यानंतर सोडलेला कोर्स ट्रान्सक्रिप्टवर 'डब्ल्यू' (मध्येच सोडला) म्हणून राहतो.

आणखी एक सापळा. कॅल्क्युलस १ चे क्रेडिट चढलेले असताना तुम्ही तोच कोर्स वर्गात पूर्ण केलात तर दोनदा क्रेडिट मिळत नाही. बहुतेक ठिकाणी शाळेचे क्रेडिट रद्द होते.

क्रेडिट नाकारले. दाद मागता येते?

येते, आणि नीट मागितली तर मिळतेही. आधी कारण वाचा. ग्रेड कमी, स्टँडर्ड लेव्हल किंवा एकाच विषयाची एपी आणि आयबी अशी दोनदा मागणी, यांवर दाद नाही. विषय तक्त्यातच नाही किंवा मोकळे क्रेडिट देऊन कोर्स दिला नाही, यांवर आहे. फाइलमध्ये हवे ते असे: परीक्षेच्या वर्षाचा अधिकृत सिलॅबस, कॉम्पोनंट यादी, प्रयोगाचे तास, वापरलेले पाठ्यपुस्तक, आणि ज्या कोर्सचे क्रेडिट मागता त्याची विद्यापीठाने दिलेली रूपरेषा. मग एका पानावर दोन रकाने करून कोणता घटक कुठे आला ते जुळवून दाखवा. हे पान तयार असले तर प्राध्यापक दहा मिनिटांत निर्णय देतो. नसले तर दोनशे पानांचा सिलॅबस तसाच पडून राहतो. अर्ज प्रवेश कार्यालयाकडे नव्हे, संबंधित विभागाकडे करायचा.

मिळते म्हणून घ्यावेच का?

मेडिकलकडे जाणार असाल तर विचार करा. अमेरिकेतली अनेक मेडिकल स्कूल्स बायोलॉजी-केमिस्ट्रीचे पूर्वअटीचे कोर्स कॉलेजात, लॅबसह केलेले मागतात. शाळेच्या परीक्षेचे क्रेडिट तिथे चालत नाही. इंजिनिअरिंगला कॅल्क्युलस २ चे क्रेडिट घेऊन थेट ३ मध्ये बसणाऱ्याने बोर्डाचा सिलॅबस आणि तिथला कोर्स शेजारी ठेवून बघावे. सिरीज हा भाग तिथे कॅल्क्युलस २ मध्ये शिकवतात, ए-लेव्हल मॅथ्समध्ये त्याची चाचणी-पद्धतींसह तयारी होत नाही. शिवाय या क्रेडिटला ग्रेड नसते, त्यामुळे जीपीए (ग्रेडची सरासरी) वाढत नाही. सोप्या पहिल्या कोर्सात मिळणारा 'ए' मात्र हुकतो.

मिळालेले क्रेडिट सोडून देणे शक्य आहे का, हे विद्यापीठागणिक वेगळे. आधी विचारावे.

तीन वर्षांत पदवी होईल?

कागदावर ३० क्रेडिट म्हणजे एक वर्ष. प्रत्यक्षात इंजिनिअरिंगमध्ये कोर्सांची साखळी असते, एक झाल्याशिवाय दुसरा मिळत नाही, आणि मोकळ्या क्रेडिटने साखळी आखूड होत नाही. इकॉनॉमिक्स, मानसशास्त्र, मानव्यविद्यांत तीन किंवा साडेतीन वर्षे जमतात. याशिवाय ठरावीक क्रेडिट त्याच विद्यापीठात करायची अट सगळीकडे असते.

एफ-१ या अमेरिकी विद्यार्थी व्हिसावर दर सेमेस्टरला किमान १२ क्रेडिट घ्यावेच लागतात. 'माझे आधीच ३० झालेत' म्हणून ९ घेता येत नाहीत. फक्त शेवटच्या सेमेस्टरला, उरलेले कोर्स कमी असतील तर, परवानगीने कमी चालतात. लवकर पदवी म्हणजे आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठ देते तो कागद) वरची तारीख बदलून घेणे आणि ओपीटीचा (पदवीनंतर तिथे काम करण्याच्या परवानगीचा) अर्ज त्या हिशेबाने लवकर करणे. चार वर्षांची शिष्यवृत्ती असेल तर उरलेल्या वर्षात दुसरे मेजर करणे कित्येकदा जास्त फायद्याचे ठरते. आमचे मत विचाराल तर या क्रेडिटचा खरा लाभ वर्ष वाचवण्यात कमी आणि वेळापत्रकात जागा होण्यात जास्त आहे. कोर्सची नोंदणी ज्येष्ठतेनुसार उघडते, आणि ३० क्रेडिटवाला दुसऱ्या वर्षाच्या रांगेत उभा राहतो. काही सरकारी विद्यापीठांत वरच्या वर्षांची फी जास्त असते, तिथे ही बढती खिशालाही लागू शकते.

नंतर दुसऱ्या विद्यापीठात गेलो तर हे क्रेडिट बरोबर येते का?

येत नाही. नवे विद्यापीठ मूळ निकाल पुन्हा मागवून स्वतःच्या तक्त्याने मोजते. पहिल्या ट्रान्सक्रिप्टवर लिहिलेले '८ क्रेडिट, आयबी' ते वाचतही नाही. कम्युनिटी कॉलेजमार्गे (दोन वर्षांच्या कॉलेजातून) जाणाऱ्यांनाही हेच लागू.

ब्रिटनमध्ये असे काही आहे?

इंग्लंडमध्ये ए-लेव्हल हीच प्रवेशाची पात्रता, त्यामुळे तिच्यावर वेगळे क्रेडिट नाही. स्कॉटलंडची ऑनर्स पदवी चार वर्षांची असते. तिथे काही अभ्यासक्रमांत चांगल्या ए-लेव्हल किंवा आयबीवर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. हा पर्याय अर्ज करतानाच निवडायचा असतो.

डब्ल्यूईएसचे (परदेशी पदव्या-प्रमाणपत्रे तपासून देणारी संस्था) मूल्यांकन करून घ्यावे का? आणि एआययूचे (भारतीय विद्यापीठांची संघटना)?

ए-लेव्हल, आयबी, एपीला सहसा कुणीही बाहेरचे मूल्यांकन मागत नाही. विद्यापीठाने लेखी मागितल्याशिवाय पैसे भरू नका. बारावीचे मूल्यांकन करून आणले तर त्यात 'हायस्कूल डिप्लोमा' एवढेच येणार, क्रेडिट नाही. एआययूचे समकक्षता प्रमाणपत्र उलट दिशेचे: परदेशी बोर्डाचा विद्यार्थी भारतात पदवीला येतो तेव्हा त्याची पात्रता बारावीच्या बरोबरीची आहे हे दाखवायला. दुबई-मस्कतहून परत येऊन पुण्यात प्रवेश घेणाऱ्याला त्याचा उपयोग, क्रेडिटशी संबंध नाही.

दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा किंवा बारावीनंतर एफवाय झाले आहे.

एफवाय हे खरेखुरे कॉलेज शिक्षण. इथे तुम्ही ट्रान्सफर अर्जदारच आहात, आणि कोर्सनिहाय मूल्यांकन, विद्यापीठाचे ट्रान्सक्रिप्ट, सिलॅबस हे सगळे लागते. एफवाय लपवून फ्रेशमन म्हणून अर्ज केला आणि नंतर उघड झाले तर प्रवेश रद्द होऊ शकतो. तीन वर्षांच्या डिप्लोमाकडे विद्यापीठे वेगवेगळ्या नजरेने बघतात: कुणी पूर्ण शालेय धरते, कुणी तांत्रिक विषयांचे थोडे क्रेडिट देते. भारतातला थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश तिकडे गृहीत धरता येत नाही.

रीचेकिंगमध्ये ग्रेड वाढली. पुढे?

बोर्ड सुधारित निकाल विद्यापीठाला आपणहून पाठवेल असे धरू नका. प्रमाणित प्रत पुन्हा मागवा, रजिस्ट्रारला जुनी आणि नवी ग्रेड लिहून कळवा आणि पोर्टलवर क्रेडिट बदलल्याचे स्वतः पाहा. क्रेडिट नोंदवायची मुदत बऱ्याच ठिकाणी पहिल्या वर्षातच संपते, म्हणून रीचेकिंगचा निकाल यायचा असेल तर ते आधीच लेखी कळवून ठेवा.